डावं मागचं चाक

ही गोष्ट खरी आहे. ती पटवून द्यायला मी कोणाच्या दारात जाणार नाही. मी ती तीन माणसांकडून ऐकली. तिघांना वेगवेगळं गाठलं आणि उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तिघांचं सांगणं तंतोतंत जुळतं.

फक्त एका जागी जुळत नाही.

त्या जागेपाशी आलं की मला आजही कसंतरी होतं.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही. पडका बंगला नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. सकाळी सहा ते साडेसातची वेळ. लख्ख उजेड. वारा अगदी पडलेला. चौदा किलोमीटरचा सरळसोट रस्ता, त्या सकाळपुरता रहदारीला बंद केलेला. एका टोकाला पत्र्याची मोठी शेड. तिथे माझे काका होते.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. घरात सगळे त्यांना काका म्हणतात, आणि कारखान्यातही काकाच. कारखाना तसा लहान, तीस माणसांचा. पण तिथे बनते ती जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक. रस्त्यावरची गाडी बरं का, शर्यतीची नव्हे. नंबरप्लेट असलेली, दोन सीटची. मनात आणलं तर तिच्यातून बाजारात जाऊन कांदेही आणता येतील, फक्त कांदे ठेवायला जागा नाही. सोळाशे घोड्यांची ताकद. जमिनीला इतकी चिकटून असते की कारखान्यात तिला सगळे 'पाल' म्हणतात. ज्या माणसाने तिच्या आकारावर चार वर्षं डोकं खपवलं, तो हे नाव ऐकलं की चिडतो.

काकांचं काम टायरचं. त्यांचं ऐकाल तर बाकीचं सगळं सोपं आहे.

ते म्हणतात, "ताशी चारशे किलोमीटरच्या वर इंजिनाला कोण घाबरतो? बंद पडलं तर गाडी थांबेल. टायर गेला तर संपलं." टायरमध्ये हवा भरतो ना, त्या तोंडावरचं इवलंसं टोपण... त्या वेगाला फिरताना त्याचंच वजन काही किलो होतं. मग अख्ख्या टायरचं काय होत असेल, विचार करा.

म्हणून तिथे एक पद्धत आहे. पालीच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. तो एक माणूस लांब पान्याने आवळतो. ठरलेला जोर लागला की पाना 'टक्' असा वाजतो. मग तो माणूस मोठ्याने म्हणतो, "बसला."

त्यानंतर दुसरा माणूस येतो. स्वतःचा पाना लावतो, स्वतःच्या कानाने टक् ऐकतो आणि म्हणतो, "बघितला." मग पिवळ्या रंगाच्या पेनाने नटावरून चाकावर एक रेघ ओढतो. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

आवळणाऱ्याने रेघ ओढायची नाही. कधीच नाही. दोन माणसं, दोन आवाज. चार चाकं, आठ शब्द. त्याशिवाय गाडी हलत नाही.

बारा वर्षं काकांच्या पाठीमागून "बघितला" म्हणायचे ते गुरुजी. ते शिक्षक नव्हते. प्रत्येक गोष्ट वही तपासल्यासारखी तपासायचे म्हणून नाव पडलं गुरुजी. आवाज नाकातला. त्यांचं "बघितला" ऐकून सगळे गालातल्या गालात हसायचे. काका त्यांची नक्कल फार छान करायचे. आमच्या घरी जेवताना कोणी मीठ वाढलं तरी काका नाकातून म्हणायचे, "बघितला." आम्ही हसून बेजार व्हायचो.

तीन वर्षांपूर्वी काकांनी ही नक्कल बंद केली. गुरुजी गेले म्हणून, असं आम्हाला वाटायचं.

ते गेले ते गाडीतच. त्या दिवशीही अशीच वेगाची चाचणी होती. टायरमधली हवा आणि तापमान दाखवणारा पडदा वाचायला म्हणून गुरुजी ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. चारशे दहाच्या वेगाला मागचं डावं चाक गेलं. ड्रायव्हर महिन्याभराने चालत घरी आला. गुरुजी जागच्या जागी गेले. चौकशी झाली. टायर फुटला असावा, रस्त्यावर काहीतरी पडलेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. चाकाचे तुकडे सापडले. नट मात्र सापडलाच नाही.

काकांनी चौकशीत काय सांगितलं? तेच, जे कागदावर होतं. चार चाकं, आठ शब्द.

आता त्या सकाळकडे येते.

पालीची नवी आवृत्ती तयार होती. विक्रम करायचा होता. त्याचा नियम असा की एकदा जायचं, आणि तासाभराच्या आत त्याच रस्त्याने उलट दिशेने यायचं. दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्याची फुकटची मदत चालत नाही. जाऊन परत आलं तरच खरं.

आणि गाडी चालवणार होता माझा मामा. मावशीचा आणि आईचा धाकटा भाऊ. काकांनीच त्याला त्या कारखान्यात चिकटवलं होतं. आदल्या दिवशी मावशीने काकांचा डबा भरताना एवढंच सांगितलं, "तुमचा विक्रम गेला खड्ड्यात. माझा भाऊ धड घरी आणा." काका हसले. तिला हसू आलं नाही.

सहा वाजता चाकं चढवायला घेतली. गुरुजींच्या जागी आता टायरच्या इंजिनिअर मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, नियमाला पक्क्या.

पुढचं उजवं. बसला. बघितला.

पुढचं डावं. बसला. बघितला.

मागचं उजवं. बसला...

मॅडम पाना घेऊन उजव्या चाकाशी बसल्या. काका वळसा घालून मागच्या डाव्या चाकाकडे गेले. नट लावला. पाना ओढला. टक्.

"बसला," काका म्हणाले.

आणि अगदी कानाशी...

"बघितला."

नाकातला आवाज.

काका तसेच उकिडवे बसून राहिले. मग हळूच उठून गाडीच्या छपरावरून पलीकडे पाहिलं. मॅडम अजून उजव्या चाकाशीच होत्या, पाना लावून.

"मॅडम, काही म्हणालात?"

"नाही हो. माझं हेच चाललंय अजून."

"डावा बघितला म्हणालात ना?"

मॅडमनी मान वर केली. "न बघता कशी म्हणेन?"

काकांनी स्वतःला समजावलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कान वाजणारच. मॅडम आल्या. त्यांनी डावं चाक तपासलं, टक् ऐकलं, रेघ ओढली. काकांनी डोळ्यांनी पाहिली. ठसठशीत पिवळी रेघ.

मग इंजिन गरम करायला सुरू केलं. शेडचा पत्रा थरथरला. दहा मिनिटांनी बंद केलं. काका सवयीने चारही चाकांभोवती फिरले.

तीन रेघा होत्या.

मागच्या डाव्या चाकावर... काहीच नव्हतं.

पुसट झालेली नाही, ओघळलेली नाही. कधी ओढलीच नव्हती असं कोरं लोखंड.

मॅडमनाही नवल वाटलं. "तेलाचा हात लागला असेल," त्या म्हणाल्या. नट पुसला, परत पाना लावला. टक्. परत रेघ ओढली, या वेळी दोनदा गिरवून. दोघांनी उभं राहून ती वाळेपर्यंत पाहिली.

मग गाडी वजनाला घेतली. चारही चाकांखाली एकेक काटा सरकवतात. ड्रायव्हर आत बसतो. कोणत्या चाकावर किती भार येतो ते पडद्यावर दिसतं. मामा हेल्मेट घालून उजवीकडे स्टिअरिंगला बसला. शेजारची सीट रिकामी.

मॅडम आकड्यांकडे पाहत राहिल्या.

"काल एवढंच पेट्रोल होतं ना?"

"थेंबभर इकडे तिकडे नाही," काका म्हणाले.

"मग एकाहत्तर किलो जास्त कुठून आलं? आणि सगळं डावीकडे."

तीन वर्षांपूर्वीच्या त्या चाचणीच्या कागदावर एक ओळ होती. ती काकांनी स्वतः लिहिली होती. गुरुजी, हेल्मेटसकट, एकाहत्तर.

मॅडमनी काटे बंद करून पुन्हा चालू केले. वजन बरोबर कालच्याइतकं. "थंडीने काटा हलला असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांनी पुढे होऊन डावीकडच्या खिडकीतून आत पाहिलं, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. रिकाम्या सीटचे पट्टे लावून ठेवतात, नाहीतर ते वाऱ्याने फडफडतात. तसे ते लावलेलेच होते. पण रिकाम्या सीटवर ते सैल पडतात.

हे ताणलेले होते.

खांद्यापासून कमरेपर्यंत... आत कोणीतरी असल्यासारखे.

विक्रमाच्या सकाळी शहाण्या इंजिनिअरने बोलावं असं ते नव्हतं.

तेवढ्यात मालक आले. हातात घड्याळ, लक्ष वाऱ्याकडे. "सातनंतर वारा सुटेल. काका, काही राहिलंय का?"

हा प्रश्न काका अजून विसरलेले नाहीत. तोंड उघडलंही होतं त्यांनी. मामा खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललं की पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं.

"काही नाही साहेब," काका म्हणाले.

सहा चाळीसला पाल निघाली.

पहिल्यांदा आवाज अंगावर येतो म्हणे, मग पोटात जातो, मग नाहीसा होतो. गाडी ठिपका झाली, ठिपकाही गेला. आता फक्त कानात हेडफोन आणि पडद्यावर आकडे. काका, मॅडम आणि मालक तिघांच्याही कानात तोच रेडिओ.

तीनशे.

तीनशे साठ.

चारशे.

चारशे दहाला काकांनी डोळे मिटले.

चारशे पस्तीस. चारशे बावन्न.

मग आकडे उतरू लागले. मालकांनी टेबलावर मूठ आपटली. इतका वेग त्यांच्या कोणत्याच गाडीने कधी गाठला नव्हता. रेडिओवर मामाचा आवाज आला, "पोहोचलो. गाडी झकास आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच.

इथेच ती जागा येते, जिथे तिघांचं सांगणं जुळत नाही.

मॅडम म्हणतात, त्यानंतर रेडिओवर काहीच आलं नाही. मामा म्हणतो, मी काहीच बोललो नाही, पाणी पीत होतो.

काका म्हणतात, मामा बोलला.

हळू आवाजात, कोणी ऐकू नये असा. "भाऊजी... शेजारी कोणाला बसवलंय तुम्ही?"

काकांचं बोट बोलायच्या बटणावर गेलं.

"सारखं एकच सांगतोय भाऊजी. डावं मागचं, डावं मागचं. आणि विचारतोय..."

"काय?"

"टक् ऐकलं होतंस का म्हणून विचारतोय."

हा प्रश्न तीन वर्षं काका फक्त स्वतःला विचारत आले होते. रोज.

मॅडमना दिसलं ते असं, की काका पांढरेफटक पडलेत आणि कोणीच काही विचारलेलं नसताना "काय?" म्हणालेत. मालक तिकडे उलट धावेची तयारी सांगत होते, पन्नास मिनिटं उरलीत, टायर थंड होऊ दे, मग निघ. मामा "ठीक" म्हणाला. आणि काकांनी पुन्हा बोलायचं बटण दाबलं.

त्यांना पुरतं माहीत होतं की दोन्ही टोकांची माणसं ऐकतायत. नोकरी जाणार, अब्रू जाणार, गुरुजींच्या घरचं दार बंद होणार. पण रस्त्याच्या त्या टोकाला मावशीचा भाऊ होता आणि तो त्याच चाकावर परत येणार होता.

"गाडी हलवू नका," काका म्हणाले. "मला काहीतरी सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी तीन चाकं झाली होती. गुरुजींना आत बसवून पट्टे आवळून झाले होते. चौथं चाक राहिलं होतं, आणि सगळ्यांना घाई होती. गुरुजींना परत बाहेर काढायचं म्हणजे दहा मिनिटं मोडणार. काका म्हणाले, "बसला." आणि मग नाकातून, गुरुजींच्या आवाजात, "बघितला." सगळे हसले. आत बसलेले गुरुजीही हसले. काकांनी पिवळं पेन उचललं आणि रेघ स्वतःच ओढली.

"नट आवळला होता मी," काका रेडिओवर म्हणाले. "आवळला होता. पण टक् वाजलं का, ते मला आठवत नाही. हसण्यात ऐकू आलंच नाही. वाजलं असेलही."



मालकांनी आधी घड्याळ पाहिलं, मग काकांकडे. "या गाडीचा त्याच्याशी काय संबंध? ही तपासलीय ना दोघांनी?"

मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "परतीच्या धावेवर माझी सही लागते," त्या म्हणाल्या. "मी करत नाही."

"कारण काय लिहिणार?"

"काही नाही. नुसती करत नाही."

पाल ट्रकवर चढून परत आली. विक्रम झाला नाही. मामा ट्रकमधून उतरला तो थेट काकांसमोर येऊन उभा राहिला. काकांना वाटलं, आता हा कानाखाली देतो. त्याने फक्त विचारलं, "भाऊजी, मी काय बोललो तुम्हाला?"

"शेजारी कोण आहे विचारलंस."

"मी नाही विचारलं," मामा म्हणाला. "पण वाटेत एकदा वाटलं होतं विचारावंसं."

यापलीकडे त्याने त्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. मी त्याची भाची, लाडाने, रागाने, सगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. तो उठून जातो.

ते चाक उतरवून तपासलं. नट जसाच्या तसा. टायरचा आतून-बाहेरून एक्स-रे काढला. एक चीर नाही, एक फोड नाही. रेडिओचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात मामाचं "पोहोचलो", मग "ठीक", आणि मध्ये काकांचं एकट्याचं "काय?". मालकांच्या सूचना सोडल्या तर मध्ये बाकी सगळी खरखर.

म्हणजे पाल परत येऊ शकली असती. कदाचित. मग तो कोण होता, तो मामाला वाचवायला आला होता की काकांच्या तोंडून वदवून घ्यायला? मला विचाराल तर मला दोन्हींची भीती वाटते.

काकांची नोकरी गेली. चौकशीवाल्यांना त्यांनी सगळं लिहून दिलं. उत्तर आलं, नट नसल्यामुळे आता काहीच सांगता येणार नाही. मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "गुरुजींच्या घरी जाऊन सांगितलंत का? की तेही रेडिओवरूनच सांगणार?"

काका गेले.

गुरुजींची बायको एकटीच राहते, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. तीन वर्षं काका तिला बहिणीसारखं जपत आले होते. गळका पाइप, विजेचं बिल, दवाखाना, सगळ्याला काका हजर. ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची, माझा सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतात. ते ऐकताना काकांना काय होत असेल ते आता मला कळतं.

तिच्या कानावर आधीच गेलं होतं. तिने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी आणून दिलं. काकांनी खाली मान घालून पहिल्यापासून सगळं सांगितलं. वहिनी, मला शिव्या द्या, म्हणाले. पोलिसांत जायचं तर मी तुमच्याबरोबर येतो, म्हणाले.

मग तिने विचारलं, "हे तुम्ही कोणत्या वारी बोललात, दादा? किती वाजता?"

"बुधवारी. सकाळी पावणेसातच्या सुमाराला."

तिने मान हलवली. तिला तेच ऐकायचं होतं.

"चाचणीच्या दिवसात ते साडेपाचला उठायचे," ती म्हणाली. "मला झोपू द्यायचे. बाथरूमचं दार लोटून नळ अगदी बारीक सोडायचे, बादलीचा आवाज होऊ नये म्हणून. ते गेल्यावर पंधराव्या दिवशी... साडेपाचला नळ सुटला."

काकांनी मान वर केली.

"मी उठले नाही. म्हटलं, उठून बघायला गेले तर थांबेल. तेव्हापासून रोज, दादा. तीन वर्षं. बादली भरत आली की आवाज बदलतो ना, तो बदलायचा. मग बंद. मी पडल्या पडल्या ऐकायचे आणि परत झोपायचे. कोणाला बोलले नाही, तुम्हालासुद्धा नाही. त्या बुधवारी सकाळीही आला होता."

मग म्हणाली,

"गुरुवारी आला नाही. त्यानंतर नाहीच."

काकांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुमच्यावर राग नाही माझा," ती म्हणाली. "नट आवळला नसेल, असेल, मला त्यातलं काय कळतं. पण तीन वर्षं मनात ठेवलंत ना? मग आणखी ठेवायचं होतं. माझं आयुष्य संपेपर्यंत ठेवायचं होतं."

मग तिने काकांकडे सरळ पाहिलं. "इथून ते कुठे गेले, दादा? तुम्हीच पाठवलंत. तुम्हाला माहीत असणार."

काका पायऱ्या उतरून खाली आले आणि बराच वेळ स्कूटरशी उभे राहिले. किल्ली कुठली लावायची ते त्यांना समजेना.

ती अजून रोज पहाटे फोन करते. काका उचलतात. ती फक्त विचारते, "काही कळलं?" काका नाही म्हणतात. मग ती फोन ठेवते. गेल्या महिन्यात मी मावशीकडे राहायला गेले होते, तेव्हा मी हे स्वतः ऐकलं. फोन साडेपाचला येतो.